पुन्हाबाईंची फेरतपासणी

पुन्हाबाईंनी चिठ्ठ्या नव्या केल्या, आणि तिथेच माशी शिंकली.

खरं तर हेतू चांगला होता. डब्यातल्या जुन्या चिठ्ठ्या हाताळून हाताळून काळपट पडल्या होत्या, काहींवरचा पत्ता भिंग लावूनही वाचता आला नसता. राजधानीतून पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर हे असलं गबाळं कसं काढायचं? म्हणून बाईंनी आदल्या दिवशी ठाण मांडून सगळे पत्ते कोऱ्या कागदावर टाइप केले, पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीला नेटक्या दोन घड्या घातल्या आणि डबा भरला. साहेबांनी येता-जाता पाहिलं आणि म्हणाले, "वा! आता कसं कार्यालय वाटतंय." साहेबांच्या तोंडून असं काही निघणं म्हणजे पगारवाढच, त्यामुळे बाई त्या दिवशी तरंगतच घरी गेल्या. सगळ्याच चिठ्ठ्यांना दोन घड्या घातल्यात, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

यात चूक कसली, हे कळायला त्यांचं काम कळायला हवं. सरकार योजना काढतं. योजनेने कुणाचं काही भलं झालं की नुसतीच फीत कापली गेली, हे पाहायला एक मूल्यमापन कार्यालय आहे. त्या कार्यालयाचे सर्वेक्षक नमुना म्हणून निवडलेल्या ठरावीक घरांत दर वर्षी जातात आणि विचारतात: नळाला पाणी येतं का, दवाखान्यात डॉक्टर भेटतो का, जिन्यातला दिवा लागतो का. उत्तरांची बेरीज होते, बेरजेचा अहवाल होतो, अहवालावर योजना वाढते किंवा आटोपते. आता सर्वेक्षक तरी खरंच घरी गेला, की कोपऱ्यावर चहा पीत बसून त्यानेच उत्तरं ठोकून दिली? ते पाहायला फेरतपासणी. डब्यातून एक चिठ्ठी काढायची, जे घर निघेल तिथे न कळवता जायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. हे काम बाई इतकी वर्षं करत आल्या होत्या की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. माघारी सगळे त्यांना पुन्हाबाई म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले.

सवय अंगात मुरली होती. घरी धाकट्या बहिणीला विचारायच्या, "दार लावलंस?" ती म्हणायची, "लावलं." पाच मिनिटांनी, "लावलंस ना दार?" धाकटी शिवणकाम करायची, तोंडात टाचण्या धरूनसुद्धा टोमणे मारू शकायची. "ताई, मी खोटं बोलले असते तर दुसऱ्यांदाही खोटंच बोलले असते की. तुझ्या खात्याला एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

डबा त्यांच्या हाती आला तेव्हा निवृत्त होणाऱ्या तपासनिसांनी सांगितलं होतं, "यात एक चिठ्ठी तीन घड्यांची आहे. हाताला लागली तर सोडून द्यायची, दुसरी घ्यायची."

"का?"

"मलाही असंच सांगितलं होतं," म्हणाले, आणि हार गळ्यात घालून घ्यायला निघून गेले.

बाईंनी ती चिठ्ठी कधीच काढली नाही. बोटांना ती बरोबर कळायची. कुठल्या तरी दारुड्याचं घर असेल, नाहीतर चावरा कुत्रा असेल, अशी त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली होती. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट दोनदा विचारली, तिने ही एक गोष्ट एकदाही नीट विचारली नाही. माणसाचं असंच असतं.

पाहुण्यांचं नाव बाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ते देशभर कार्यालयं फिरून योजनांच्या मूल्यमापनाची व्यवस्थाच धड आहे का, कुठे पोकळ आहे, कुठे टेकू द्यायला हवा, याचा आढावा घेत होते. म्हणून त्यांचं नाव पडलं आढावेकर. "तपासणाऱ्यांना तपासणाऱ्यांना तपासायला आलेत," असं शिपाई म्हणाला, आणि बोटांवर मोजून पाहिलं की एखादा तपासणारा राहिला तर नाही. माणूस मात्र सरळ होता. साहेबांनी मुद्दाम धुऊन लावलेल्या पडद्यांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "मला एक फेरतपासणी पाहायचीय. नेहमी करता तशीच."

बाईंनी डबा पुढे केला. "तुम्हीच काढा ना," त्या म्हणाल्या. ऐटीत म्हणाल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

आढावेकरांनी हात घातला, चिठ्ठी काढली, उलगडून बाईंकडे दिली. पत्ता वाचला आणि बाईंना आठवलं, काल टाइप करताना तीन घड्या उलगडून हाच पत्ता उतरवला होता. तीन घड्यांचं घर.

"हे जरा लांब पडतं," त्या म्हणाल्या.

"मग लवकर निघू या."

*

इमारत साधीच होती. खाली कुलपं-किल्ल्यांचं दुकान, शेजारी बंद पडलेला छापखाना, मधून जिना. शहरात अशा इमारतींना तोटा नाही. जिना अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. याच जिन्यांसाठी सरकारने दिव्यांची योजना आणली होती. म्हातारी माणसं अंधारात पडतात, हातपाय मोडतात, तर प्रत्येक वळणावर दिवा. योजना गाजली होती. अहवालात समाधान इतकं होतं की दुसरी देशं येऊन पाहून गेली.

पहिल्या मजल्यावर दिवा होता. दिवसाढवळ्या जळत होता, पण होता. दुसऱ्या मजल्यावरही होता. तिथून वर मात्र बाईंचं पाऊल अडखळलं. बाहेर रणरणतं ऊन, आणि जिन्याच्या त्या वळणावर संध्याकाळ. खिडकी होती, पण छापखान्याची मागची भिंत तिच्या तोंडाशी येऊन उभी. चाचपडत हात भिंतीवर टेकला तर तेवढीच जागा गुळगुळीत लागली. बऱ्याच हातांनी बरीच वर्षं आधार घेतला असणार. जागा गारही होती. आणि बाईंना उगाचच वाटलं, की आत्ताच कुणीतरी तिथून हात काढून घेतलाय.

"सांभाळून," मागून आढावेकर म्हणाले.

"मी काही बोलले का?"

"नाही. मला वाटलं, तुम्ही थांबलात."

दार वाजवायला बाईंनी हात उचलला, तेवढ्यात ते उघडलं. दारात एक आजोबा. इस्त्रीचा सदरा, दाढी ताजी केलेली, एखाद्या समारंभाला निघाल्यासारखे. "या," ते म्हणाले. "कधीची वाट बघतोय आम्ही."

न कळवता जायचा नियम होता. बाईंनी आढावेकरांकडे पाहिलं, आढावेकरांनी बाईंकडे. दोघांनीही कुणाला कळवलं नव्हतं.

खोली लख्ख होती. टेबलाच्या पलीकडे ओळीने चार खुर्च्या, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाची उशी. अलीकडे पाहुण्यांसाठी बाक. बाईंच्या यादीप्रमाणे या घरात चार माणसं राहत होती: आजोबा, आजी, मुलगा, सून. आतून भांड्यांचा आवाज नाही, चपला एकाच मापाच्या.

"सगळे आहेत घरात?" बाईंनी विचारलं.

"आहेत की. विचारा तुम्ही." आजोबा पहिल्या खुर्चीवर बसले. बाईंनी विचारलं. नळाचं पाणी येतं, दवाखाना लांब आहे, जिन्यातला दिवा लागतो. समाधानी? समाधानी. खटाखट उत्तरं, कुठे अडखळणं नाही.

"झालं?" म्हणाले, उठले, आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

बसले ते पाय आखडून, जवळ घेऊन, आणि अंगावर नसलेली शाल त्यांनी खांद्यावर नीट केली. मग बाईंकडे पाहिलं. आवाज तोच, आजोबांचाच, जाडसर आणि किंचित घोगरा. नक्कल नव्हती ती. नक्कल असती तर बाईंना हसू आलं असतं, निदान भीती तरी वाटली नसती.

"तिसऱ्या मजल्याचा दिवा लागत नाही," दुसऱ्या खुर्चीने सांगितलं. "मागच्या खेपेला सांगितलं होतं. त्याच्या आधीही सांगितलं होतं. त्याचं काय झालं?"

बाईंचं पेन थांबलं. एवढ्या वर्षांत त्यांनी लोकांना हजारो प्रश्न विचारले, पण उलटून त्यांना कुणी प्रश्न केला नव्हता. उत्तरदाता विचारू लागला तर काय करायचं, ते प्रशिक्षणात नव्हतंच. समोर कोण बसलंय याचं भान सुटलं आणि घरात शिकलेलं वळण तेवढं जागं झालं.

"विचारून सांगते हं," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की सांगते."

खुर्चीने मान हलवली. आजोबा उठले आणि तिसरीवर बसले, कडेला, अर्धे उठल्यासारखे. "मला काय विचारायचं त्यात? आई सांगतील तेच," तिसरी खुर्ची म्हणाली, आणि लगेच, "पंखा वाढवू का? तुम्हाला घाम आलाय." आढावेकरांना खरंच घाम आला होता. त्यांनी रुमाल काढला.

चौथ्या खुर्चीपाशी मात्र आजोबा बसले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. "हा परक्यांसमोर बोलत नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून तसाच."

बाईंनी घसा साफ केला. विचारणं भाग होतं, तेवढ्यासाठीच तर त्या आल्या होत्या. "आजोबा, या घरात राहतं कोण?"

आजोबांनी चारी खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि बाईंना हातानेच गॅलरीत बोलावलं. आढावेकरही मागोमाग गेले. आजोबांनी मधलं दार ओढून घेतलं, आवाज खाली आणला. घरात आजारी माणूस झोपलेलं असावं, तसा.

"ती जिन्यात पडली. त्या वळणावर. पोरगा आणि सून त्यानंतर इथे राहिलेच नाहीत. कुठे आहेत, कसे आहेत, मला कळत नाही. त्यानंतर पहिल्यांदा तुमचा माणूस आला तेव्हा मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, आजोबा, हे चार माणसांचं घर म्हणून नमुन्यात आहे. एकच लिहिलं तर घर बाद होईल, मला नवं घर शोधावं लागेल, साहेब ओरडतील. चौघांची उत्तरं द्या, कुणी का देईना. म्हणून मी दिली. तेव्हा नुसती दिली हो, जिभेवर आलं ते." मधलं दार नीट लागलंय ना, ते त्यांनी पाहिलं. "पुढच्या वर्षी मी तिच्या खुर्चीवर बसलो, तर मला काही सुचवावंच लागलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आता मी नुसता बसतो."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुलपाला किल्ली घासून बघत होतं, त्याचा करकर आवाज वर येत होता.

"मी आहे ते लिहिलं," बाई म्हणाल्या, "तर उद्यापासून कुणी येणार नाही इथे."

"ठाऊक आहे. वर्षातून एकदा कुणीतरी येतं आणि तिला विचारतं, तुमचं काय म्हणणं आहे. दुसरं कोण विचारतं तिला? जिवंत होती तेव्हा मीसुद्धा विचारलं नाही." आजोबा हसल्यासारखे झाले. "तुम्ही तुमचं काम करा, ताई. काय लिहायचं ते लिहा. फक्त तिच्यासमोर लिहू नका."

*

खाली येताना दोघं ते वळण भराभर उतरले. दुसऱ्या मजल्याच्या दिव्याखाली आल्यावर आढावेकरांनी सुस्कारा सोडला. कुलूपवाल्याच्या शेजारी चहाची टपरी होती. बाकड्यावर बसून बाईंनी कागद मांडीवर घेतला.

"आपण एकदा पडताळून घेऊ," आढावेकर म्हणाले. हाही नियमच होता, दोघांनी ऐकलेलं जुळवून पाहायचं. "आजोबा, समाधानी. आजी, दिव्याची तक्रार. सून, आई सांगतील तेच. आणि मुलगा?"

"माझी काही तक्रार नाही," बाईंनी सांगितलं.

"बरोबर. ‘माझी काही तक्रार नाही, त्यांना दिवा द्या.’ असंच ना?"

"असंच."

चहावाल्याने ग्लास आणून ठेवले. आढावेकरांनी ग्लास उचलला आणि तो ओठांपर्यंत गेलाच नाही.

"ताई, चौथ्या खुर्चीवर ते बसले कधी?"

बाई आठवू लागल्या. आजोबा उभे होते, खुर्चीच्या पाठीवर हात. ‘हा परक्यांसमोर बोलत नाही.’ त्यानंतर बाईंनी घसा साफ केला, प्रश्न विचारला, मग गॅलरी. मध्ये काही नव्हतं. तरीही ते वाक्य कानात स्पष्ट होतं. तरुण गळ्याचं, थोडं लाजरं, आणि आजोबांच्या आवाजातलं नव्हे.

"बसले नाहीत," बाई म्हणाल्या.

चहा गार झाला. कुणी प्यायला नाही.

"माणसं किती लिहिणार?" शेवटी आढावेकरांनी विचारलं. लगेच हात वर केला. "नको, मला सांगू नका. मी काही म्हणालो तर ती तुमची तपासणी राहणार नाही."

बाईंनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आजोबा उभे नव्हते. दार लोटलेलं होतं. चार लिहिणं सोपं होतं. आधीच्या सगळ्यांनी तेच केलं होतं, आणि ते उघड पडू नये म्हणून तर तीन घड्या. चार लिहिलं की आजोबांकडे पुढच्या वर्षीही कुणी येणार, इस्त्रीचा सदरा निघणार, तिला विचारलं जाणार. एक लिहिलं की सगळंच बंद. पण चार लिहून लिहूनच तर दिव्याची योजना दुसऱ्या देशांनी पाहून जाण्याइतकी समाधानी झाली होती. चौघांत एकीची तक्रार, म्हणजे घर समाधानी, असा हिशेब. त्या एकीचं म्हणणं दर वर्षी नीट लिहून घेतलं जायचं आणि दर वर्षी बाकीच्या तिघांखाली पुरलं जायचं. आणि त्या तिघांतला खरा एकच होता.

बाईंनी ‘एक’ लिहिलं. शेऱ्याच्या जागेत लिहिलं: घरातील मयत व्यक्तीची तक्रार प्रलंबित. असा शेरा खात्यात आजवर कुणी लिहिला नव्हता. लिहून झाल्यावर अक्षर न् अक्षर पुन्हा गिरवलं.

रात्री धाकटी म्हणाली, "ताई, दार लावलंय हं." बाईंनी काहीच विचारलं नव्हतं. नंतरही विचारलं नाही. धाकटीने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि ताईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

*

आढावा बाहेर आला. साहेबांना वाटलं होतं तेवढा वाईट नव्हता. डबा गेला, घरं आता संगणक काढतो, आणि त्याला बोटं नाहीत हे एक बरं झालं. नमुन्यातली घरं काही वर्षांनी बदलावीत, असं आढावेकरांनी सुचवलं. एकाच दाराशी वर्षानुवर्षं गेलं की दार उत्तरं पाठ करतं, असं त्यांनी सभेत सांगितलं म्हणे. आणि एक शिफारस: ज्यांना प्रश्न विचारले, त्यांना त्यांच्या उत्तराचं पुढे काय झालं ते कळवावं. यावर साहेब खो-खो हसले. "पुन्हाबाई, आता तुम्हाला तिसऱ्यांदाही जावं लागणार!"

ते घर नमुन्यातून बाद झालं. एका ओळीचा आदेश निघाला, तो बाईंच्याच हाताखालून गेला.

पण शब्द दिला होता. बाईंनी दिव्यांच्या खात्यात खेटे घातले. या टेबलावरून त्या टेबलावर टोलवल्या गेल्या, आणि अखेर ज्याने त्या गल्लीत दिवे बसवले तो वायरमन भेटला. त्याने पान थुंकून बाईंकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तिसऱ्या मजल्यावर दिवा लागेल कसा, बाई? बसवलाच नाही तर?"

"का नाही बसवला?"

"आमच्या नकाशात ती इमारत दुमजली आहे. तिसरा मागाहून चढवला असेल कुणीतरी. आम्हाला दोन वळणांचे दिवे मंजूर, दोन लावले. तुमच्या यादीत माणसं होती, आमच्या नकाशात मजला नव्हता."

"मग आता लावा ना."

"मजला दाखवा नकाशात, लगेच लावतो." त्याने ते अगदी मनापासून सांगितलं. नकाशात मजला दाखवायचं काम तिसऱ्याच खात्याकडे होतं, आणि तिथला माणूस रजेवर होता. अर्ज देऊन बाई परत आल्या.

म्हणजे उत्तर मिळालं होतं. लागत नाही, कारण कधी नव्हताच. तुम्ही जिथे पडलात ती जागा कागदावर अजून बांधलेलीच नाही. हे आता जाऊन सांगायचं होतं. त्या खुर्चीला.

या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं बाई करत राहिल्या. एकदा कुलूपवाल्याच्या दुकानापर्यंत गेल्या, घरच्या कपाटाची किल्ली उगाचच करून घेतली आणि परतल्या. धाकटी म्हणाली, "हे कपाट तर आपण कधी लावतच नाही." बाई म्हणाल्या, असू दे.

मग परवा, भर दुपारी, कार्यालयात सगळे जेवून सुस्तावलेले असताना बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे बाईमाणसाचा आवाज होता, वयस्कर, आणि थोडा धापा टाकल्यासारखा. जिना चढून आलेल्या माणसाचा असतो तसा.

"विचारून सांगते म्हणाला होतात."

"हो हो," बाई ओशाळून म्हणाल्या. रोज दहा फोन यायचे, कुणाला काय सांगायचं राहिलंय हे कुठवर लक्षात ठेवणार? "कामात राहून गेलं बघा. येते मी. या आठवड्यात नक्की येते."

"बरं," आवाज म्हणाला. "आम्ही आहोतच."

फोन ठेवल्यावर बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो हातातच राहिला. साहेबांनी विचारलं, "कोण होतं?" बाईंनी सांगितलं, "एका घरी जायचं राहिलंय." साहेब म्हणाले, "मग जाऊन या की, गाडी देतो." बाई म्हणाल्या, "जाते." थोड्या वेळाने साहेबांनी पुन्हा विचारलं, आणि बाई पुन्हा म्हणाल्या, "जाते."

अजून गेलेल्या नाहीत.